‘देतो’ टाकू की ‘देते’? नोकरीत असताना नाव आणि ओळख बदलणाऱ्यांसाठी, पुण्यातल्या अनुभवावरून

शिवाजीनगर कोर्टाबाहेर प्रतिज्ञापत्र करून घ्यायला टायपिस्टसमोर प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले होते. त्याने ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून’ इथपर्यंत टाइप केलं, बोटं थांबवली आणि मान वर न करता विचारलं, “देतो टाकू की देते?” त्याच्या लेखी प्रश्न एका कान्याचा होता. मला तो सोडवायला अकरा वर्षं लागली होती. “देते,” मी म्हटलं. त्याने टाकलं आणि मागच्या माणसाला म्हणाला, “या, बसा.”

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पेरोल बघते. साडेतीनशे लोकांचे पगार, पीएफ, फॉर्म १६, आणि त्यांच्या नावांच्या स्पेलिंगमधले घोळ निस्तरणं हे माझं रोजचं काम. तरीही २०२२-२३ मध्ये स्वतःचं नाव बदलताना मी कागदांचा क्रम चुकवला आणि वर्षभर हेलपाटे घातले. तुमचे ते वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. मी ट्रान्स स्त्री आहे, म्हणजे जन्माची नोंद मुलगा अशी, पण मी बाई. तुम्ही ट्रान्स पुरुष असाल तर ‘देते’च्या जागी ‘देतो’ वाचा, पायऱ्या त्याच.

खालच्या मुदती आणि कलमं मी अर्ज केला तेव्हाच्या कायद्याप्रमाणे, म्हणजे तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा २०१९ चा कायदा आणि त्याखालचे २०२० चे नियम यांप्रमाणे आहेत. कायद्यात दुरुस्त्या होत असतात. अर्ज भरायला बसाल त्या दिवशी राष्ट्रीय तृतीयपंथी पोर्टलवरचा चालू मजकूर वाचूनच पुढे जा.

१. कुणाला काय सांगायचं ते आधी ठरवा

तीन गोष्टी वेगळ्या आहेत: हाकेचं नाव, कागदावरचं नाव आणि शरीरावरचे उपचार. पहिली तुम्ही उद्यापासून बदलू शकता. दुसरीसाठी हा सगळा लेख आहे. तिसरी ऑफिसचा विषयच नाही. “ऑपरेशन झालं का हो?” हा प्रश्न येणार, कधी खरंच काळजीने, कधी चहासोबत चघळायला. माझं उत्तर ठरलेलं होतं: “ते मी डॉक्टरांशी बोलते.” एवढंच बोलायचं आणि हातातलं काम पुढे न्यायचं.

कंपनीत आधी एकाच माणसाला सांगा. मी स्टोअर्समधल्या ताईंना सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मला वाटलंच होतं. आधी डबा खा, गार होतोय.” असा एक माणूस हाताशी असला की पुढच्या सगळ्या मीटिंगा सोप्या जातात.

सापळा इथला: भावनेच्या भरात सुपरवायझरला तोंडी सांगणं. तो वाईट असतो असं नाही. पण तो ‘बघू’ म्हणतो, घरी बायकोला सांगतो, आणि सोमवारी सकाळी कंपनीच्या बसला तुमच्याआधी तुमची बातमी पोचलेली असते. कागद हातात येईपर्यंत तोंड बंद ठेवलेलं बरं. घरभाडं आणि हप्ते तीनेक महिने निघतील इतके पैसेही बाजूला टाका, कारण घरून काय होईल हे कुणीच सांगू शकत नाही.

आणि आधी हे करून बसलेली माणसं शोधा. पुण्यात २०११ पासून प्राईड, म्हणजे आपल्या लोकांची अभिमान यात्रा, निघते. तिथे भेटलेल्या दोघींनी मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या वकिलाने शिकवलं नाही.

२. कायद्यातलं कामापुरतं

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवरच्या) निकालात आपली लिंगओळख आपण ठरवायची हे मान्य केलं. त्यानंतरचा २०१९ चा कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. नोकरदाराने त्यातली तीन कलमं पाठ करावीत. कलम ९: नोकरी, भरती, बढती यांत भेदभाव करायचा नाही. कलम १०: कायद्याप्रमाणे सोयी द्यायच्या. कलम ११: प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमायचा. ‘आस्थापना’ म्हणजे सरकारी कार्यालयंच असं समजू नका. खासगी कंपनी, भागीदारी फर्म, सहकारी संस्था, ट्रस्ट, सगळे त्यात येतात.

नियमांत समान संधी धोरणही आहे. त्यात स्वच्छतागृह, सुरक्षितता आणि तुमच्या ओळखीची गोपनीयता यांचा उल्लेख हवा. आमच्या एचआरला हे पहिल्यांदा माझ्याकडूनच कळलं. मी वाद न घालता नियमाची प्रत प्रिंट काढून, पानाला खूण लावून टेबलावर ठेवली. सोबत एक वाक्य टाकलं: आपल्याच पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल (अस्वच्छता करणाऱ्यांवर कारवाई करणारे) म्हणून कामावर घेतलंय. कायद्यापेक्षा त्या वाक्याचा परिणाम जास्त झाला असं माझं मत आहे. शेजारच्याने केलंय म्हटल्यावर आपल्याकडे गोष्टी हलतात.

३. ओळख प्रमाणपत्र

हा पाया. अर्ज राष्ट्रीय तृतीयपंथी पोर्टलवर ऑनलाइन होतो (पोर्टल २५ नोव्हेंबर २०२० ला सुरू झालं) आणि प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात. फोटो, पत्त्याचा पुरावा आणि ठरलेल्या नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र लागतं. नियमात ३० दिवस आहेत. मधे दिवाळी, निवडणूक असं काही आलं तर थोडे जास्त धरा. अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा, अपिलाची तरतूद आहे. समोर बसून विचारायचं असेल तर विश्रांतवाडीला सामाजिक न्याय भवनात समाजकल्याणचं कार्यालय आहे.

बाहेरगावाहून पुण्यात आलेल्यांची गाडी इथेच अडते. ज्या जिल्ह्यात अर्ज करता तिथे सलग बारा महिने राहिलेलं असावं लागतं, आणि कॉट बेसिसवर राहणाऱ्याकडे त्याचा कागद नसतो. रजिस्टर केलेला भाडेकरार मिळवता येतोय का ते अर्जाच्या वर्षभर आधीच बघा. नाहीतर आधारवर गावचाच पत्ता असेल तर तिथल्या जिल्ह्यात अर्ज करा. गावच्या पत्त्यावर टपाल गेलं तर काय, हा विचार करूनच.

दुसरी गोष्ट नीट समजून घ्या. पहिल्या प्रमाणपत्रावर ‘ट्रान्सजेंडर’ अशी नोंद होते. त्याला, मी अर्ज केला त्या नियमांप्रमाणे, वैद्यकीय तपासणी लागत नव्हती. ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद हवी असेल तर उपचारांनंतर रुग्णालयाच्या दाखल्यासह दुसरा अर्ज करायचा असतो. आता आधारचा नियम याच्याशेजारी ठेवा: आधारवर लिंगाची नोंद एरवी एकदाच बदलता येते, नाव दोनदा. म्हणजे घाईने आज एक नोंद केली आणि दोन वर्षांनी दुसरी हवी झाली, तर प्रकरण अपवादात जातं आणि वरच्या कार्यालयाचे उंबरठे झिजवावे लागतात. शेवटी कोणती नोंद हवी आहे ते आज ठरवा, मग आधार केंद्राची पायरी चढा.

४. राजपत्र

कायद्याप्रमाणे प्रमाणपत्राच्या आधारे बाकीच्या कागदांवरचं पहिलं नाव बदलण्याचा हक्क मिळतोच. तरी राजपत्रातली सूचना करूनच घ्या, कारण बँकेच्या काउंटरवरच्या माणसाला कायदा माहीत नसतो, गॅझेट माहीत असतं. महाराष्ट्र शासनाच्या मुद्रण संचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज होतो. छापून आलेल्या पानाची पीडीएफ तीन ठिकाणी जपून ठेवा.

नाव मराठीत लिहिताना कुणी चुकत नाही, रोमन स्पेलिंगमध्ये चुकतात. माझ्या नव्या नावात एक दीर्घ ‘ई’ आहे. गॅझेटमध्ये मी ती ‘डबल ई’ने लिहिली आणि पॅनच्या अर्जात ‘आय’ने. आठ महिन्यांचा ताप त्या एका अक्षराने दिला. एका कागदावर मोठ्या अक्षरांत स्पेलिंग लिहा, फोटो काढा, आणि प्रत्येक अर्ज भरताना तो समोर ठेवा. पेरोलवालीने हे सांगावं यात विनोद आहे, मला माहीत आहे.

मधलं नाव, म्हणजे वडिलांचं, आहे तसंच राहू शकतं. माझे वडील तेव्हा माझ्याशी बोलत नव्हते. नव्या नावानंतर त्यांचं नाव टाइप करताना मी जरा थांबले होते, मग टाकलं.

५. आधार, पॅन, बँक, पीएफ: याच क्रमाने

आधार आधी, कारण बाकी सगळे त्याच्याशी ताडून बघतात. केंद्रावर ऑपरेटर टाइप करतो तेव्हा तुमच्याकडे वळवलेल्या स्क्रीनवर प्रत्येक अक्षर वाचा. रांगेतले लोक चुळबुळ करतील, करू देत. मग पॅन. पॅनच्या अर्जात २०१८ पासून ट्रान्सजेंडर हा पर्याय आहे. नंबर तोच राहतो, त्यामुळे जुनी विवरणपत्रं, कर्जाचा इतिहास कुठेही जात नाही. मग बँक.

मी पॅन आधी केलं, ते वेगळ्या स्पेलिंगने. मग आधार. पगार खात्यात येत राहिला, कारण तो खाते क्रमांकावर जातो, आणि त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटत राहिलं. बिघाड दिसला तो पीएफच्या केवायसीत: नाव जुळत नाही म्हणून परत. इन्कम टॅक्सच्या रिफंडसाठी खातं पडताळायला गेले, तिथेही तेच. एका बँकेत तर मला ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे’ असं प्रतिज्ञापत्र मागितलं. टायपिस्टचा किस्सा त्या दिवसाचा.

पीएफमध्ये नाव आणि लिंग दुरुस्तीसाठी जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे कर्मचारी आणि कंपनीचा संयुक्त अर्ज, भरायचं. जुन्या कंपनीतला पीएफ असेल तर तो आधी सध्याच्या खात्यात ओढून घ्या. दुरुस्ती न करता नोकरी सोडलीत तर दहा वर्षांनी, बंद पडलेल्या कंपनीच्या सही-शिक्क्यासाठी फिरणारी माणसं मी रोज बघते. पगार ईएसआयसीच्या (कामगार राज्य विम्याच्या) मर्यादेत असेल तर ते कार्डही याच वेळी.

मतदार यादी, पासपोर्ट, लायसन्स नंतर सवडीने.

६. कंपनीला कळवणं

आता कागद हातात आहेत. एचआरला ईमेल करा, तोंडी नको. मजकूर लांबवू नका: माझं नाव अमुक तारखेपासून अमुक आहे, लिंगनोंद अमुक, सोबत प्रमाणपत्र आणि राजपत्र, पुढच्या गोष्टींची चर्चा करायला वेळ द्या. भावना, बालपण, पुस्तकांतले उतारे काही नको.

तारीख निवडताना पेरोलवालीचं ऐका. महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पीएफ भरायचा असतो, तेव्हा आम्ही कुणाचं ऐकत नाही. मार्च-एप्रिल तर नकोच. २० तारखेनंतर कळवा आणि पुढच्या एक तारखेपासून बदल मागा, म्हणजे अख्ख्या महिन्याची स्लिप एका नावाने निघते.

नाव कुठे कुठे चिकटलेलं असतं ते बसून लिहून काढा. माझी यादी: पंचिंग मशीन, ओळखपत्र, ईमेल, लॉकरवरचं स्टिकर, बसची यादी, कँटीनचं कूपन, फोनच्या एक्स्टेन्शनचा तक्ता, अग्निशमन पथकाचा बोर्ड. शेवटचा सगळे विसरले. जिन्याजवळ माझं जुनं नाव पुढचे सात महिने ‘आग लागल्यास संपर्क’ खाली लटकत होतं.

मेडिक्लेम मात्र विसरू नका. ग्रुप पॉलिसीत जुनं नाव आणि हातातल्या आधारवर नवं, अशा अवस्थेत दवाखान्यात भरती झालात तर कॅशलेस अडकू शकतं. एचआरकडून ‘पाठवलंय’ ऐकून थांबू नका, नवीन ई-कार्ड डोळ्यांनी बघा.

आणि चार गोष्टी नव्या नावाच्या तारखेआधी ठरवून, लेखी घ्या: स्वच्छतागृह, गणवेश, गेटवरची झडती आणि बस. आमच्याकडे गेटवर बायकांची झडती महिला गार्ड घेते. पहिल्या दिवशी तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती माझ्याकडे, मी तिच्याकडे, मागे शंभर माणसांची रांग. शेवटी तिनेच पडदा सरकवला आणि “या ताई” म्हणाली. ते तिचं मोठेपण झालं. तुम्ही मोठेपणावर अवलंबून राहू नका, आधीच सिक्युरिटीला सूचना जायला लावा. स्वच्छतागृहासाठी मला आधी तळमजल्यावरचं व्हीलचेअरचं सुचवलं गेलं. तात्पुरतं म्हणून मी मान्य केलं ही माझी चूक. ‘तात्पुरतं’ला तारीख लावून घ्यायला हवी होती. पाच महिने मी दिवसातून चार वेळा दोन मजले उतरत होते. सेफ्टी शूजचं मात्र कुणाला सुचलं नाही आणि मीही बोलले नाही, माझ्या मापाचे लेडीज शूज येतच नाहीत.

७. क्रियापदं

इंग्रजीत बोलणाऱ्या ऑफिसात ही पायरी लागत नाही. मराठी शॉप फ्लोअरवर लागते, आणि मला सगळ्यात जास्त घाम हिनेच फोडला. आपल्या भाषेत ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांच्यामध्ये लपायला जागा नाही. तोंड उघडलं की जाहीर.

पण जागा आहे, थोडी. कागद येईपर्यंतचे महिने मी अशा वाक्यांवर काढले. भविष्यकाळ सुरक्षित आहे: ‘मी पाठवीन’, ‘मी येईन’. सकर्मक भूतकाळ बहुतेक सुरक्षित, कारण क्रियापद कर्मामागे जातं: ‘मी मेल पाठवला’, ‘मी फाइल बघितली’. ‘म्हणालो-म्हणाले’ टाळायचं असेल तर ‘म्हटलं’. ‘विसरलो’ऐवजी ‘लक्षातून गेलं’. ‘जातो’ऐवजी ‘मला निघायचंय’. आठवड्याभरात जीभ वळते. ज्यांना स्त्री-पुरुष दोन्हींत बसायचंच नाही त्यांनाही हे कायमचं उपयोगी आहे.

सहकाऱ्यांसाठीही एक सोपी गोष्ट सांगून ठेवा: अडलं तर अहो-जाहो करा. ‘तू आलास की आलीस’ यात चूक होते, ‘तुम्ही आलात’मध्ये होत नाही. आमच्या टूल रूममधले काका आयुष्यभर सगळ्यांना अरे-तुरे करणारे. मला मात्र अजून ‘तुम्ही’ म्हणतात. मी त्यांना सांगितलंय की आता ‘तू’ चालेल. “राहू दे, तोंडाला बसलंय,” म्हणतात.

चूक झाली आणि समोरच्याने लगेच सुधारली तर पुढे जा. ‘ते आलंय बघ’ असं नपुंसकलिंगात कुणी मुद्दाम बोललं तर ती चूक नव्हे. तारीख, वेळ, कोण होतं समोर, हे त्याच संध्याकाळी वहीत लिहा.

८. त्रास झाला तर

तक्रार कलम ११ च्या तक्रार अधिकाऱ्याकडे, लेखी. नियमाप्रमाणे त्यांनी १५ दिवसांत चौकशी करायची आणि अहवालानंतर आस्थापनेच्या प्रमुखाने १५ दिवसांत कारवाई. लैंगिक छळाची अंतर्गत समिती वेगळी, हा अधिकारी वेगळा. ‘समितीकडे जा’ म्हणून तुम्हाला टोलवलं तर अधिकाऱ्याचं नाव ईमेलवर विचारा. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक, मानसिक छळासाठी कलम १८ मध्ये सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड आहे. पुरावे कंपनीच्या लॅपटॉपवर ठेवू नका, राजीनाम्याच्या दिवशी तो काढून घेतात.

हळदीकुंकवाला बोलावलं नाही याची तक्रार कुठल्याच अधिकाऱ्याकडे करता येत नाही. पहिल्या जानेवारीत मला बोलावलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी कँटीनच्या मावशी तिळगुळाची वाटी आणि करंडा घेऊन थेट पेरोलच्या काउंटरवर आल्या. मी एक्सेलमध्ये होते, मान वर केली तोवर कुंकू लागलंही होतं.

९. नोकरी बदलताना

जुन्या कंपन्यांची अनुभवपत्रं, दहावीची गुणपत्रिका, डिग्री, सगळ्यांवर जुनं नाव. बॅकग्राउंड तपासणारी एजन्सी जुन्या कंपनीला नव्या नावाने फोन करते, तिकडून ‘असं कुणी नव्हतं’ येतं आणि ऑफर लटकते. म्हणून ऑफर लेटर आल्यावर, तपासणी सुरू होण्याआधी, नव्या एचआरला एका ओळीत कळवा: माझं नाव बदललेलं आहे, आधीच्या नोंदी अमुक नावाने आहेत, राजपत्र सोबत. मुलाखतीत सांगण्याची काही गरज नाही. सध्याच्या कंपनीकडून मात्र सोडण्याआधी नव्या नावाचं अनुभवपत्र मागून घ्या. सोडल्यानंतर कुणी उत्तर देत नाही.

फाइलमध्ये काय ठेवायचं

- ओळख प्रमाणपत्र आणि ओळखपत्र, मूळ आणि पाच झेरॉक्स
- राजपत्राचं पान, छापील आणि पीडीएफ
- ‘व्यक्ती एकच’ प्रतिज्ञापत्र, दोन मूळ प्रती (दुसरी प्रत बँक ठेवूनच घेते)
- जुनं आणि नवं आधार, पॅन
- जुन्या नावाच्या दाखल्यांच्या प्रती: दहावी, पदवी, अनुभवपत्रं, शेवटच्या तीन स्लिपा
- भाडेकरार किंवा पत्त्याचा दुसरा पुरावा
- नवे आणि जुने पासपोर्ट आकाराचे फोटो
- एचआरशी झालेल्या सगळ्या ईमेलच्या प्रिंट

जुनं ओळखपत्र कंपनी परत मागते. देण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि जमा केल्याची पावती घ्या. पंचिंगचा नंबर त्याच्यावरच असतो आणि जुन्या हजेरीचा वाद निघाला की तो लागतो.